पाण्यात बुडालेलं एरंडेल

बरण्या येणार हे दत्तात्रेयाला ठाऊक होतं. अलिबागहून पोलिसाच्या पहाऱ्यात, लाखेनं सील केलेल्या, खारवलेल्या पाण्यात आतडी आणि जठर ठेवलेल्या बरण्या. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत तो रोज अशा बरण्या उघडत असे. नवऱ्यानं मारलेल्या, सवतीनं मारलेल्या, स्वतःच अफू खाल्लेल्या किती माणसांची पोटं त्यानं तपासली असतील. नाकाला रुमालही न लावता काम करायचा गडी. पण त्या सकाळी चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि हातातली बरणी त्यानं खाली ठेवली. मयत तुळशी सदाशिव, राहणार किहीम.

तुळशी म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीची सून. बाळंत होऊन पुरता आठवडा झाला नाही तोच उलट्या करत, पोट धरून, शेवटी शुद्ध हरपून गेली. तान्ही पोर मागं राहिली. आणि फौजदारानं उचललं कुणाला? ठमाबायला, दत्तात्रेयाच्या थोरल्या बहिणीला. सासूनं विष घातलं, मुलगी झाली म्हणून घातलं. गावानं म्हटलं, फौजदारानं लिहिलं, झालं. ठमाबाय अलिबागच्या कच्च्या तुरुंगात जाऊन बसली.

खरं म्हणजे दत्तात्रेयानं तेव्हाच उठून साहेबांना सांगायला हवं होतं, की ही माणसं माझी आहेत, हे काम दुसऱ्याला द्या. नियमच तसा. पण आपली बहीण निर्दोष आहे याची ज्याला खात्री असते तो कशाला सांगतोय! त्याला आपल्याच हातानं तिला सोडवायचं होतं. आई गेल्यावर ज्या बाईनं त्याला काखेला मारून शेतात नेलं, बांधावर झोपवलं आणि लावणी केली, ती बाई सुनेला विष घालेल? डोकं फिरलंय लोकांचं, असं पुटपुटत त्यानं सील फोडलं.

आधी सोमल पाहिला. तांब्याची पट्टी आम्लात उकळून काढली, तर लख्ख. सोमल नाही, पारा नाही. धोतरा नाही, कुचला नाही, अफू नाही. एकेक परीक्षा कोरी निघत गेली तसा तो खुलत गेला. दुपारी डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या काणेकरला म्हणाला, "माणसं बाळंतरोगानं मरतात रे, आणि आपण सासवांना फाशी द्यायला निघतो." काणेकर नुसता हसला.

आता राहिली होती ती बाटली. घरातून जप्त केलेलं, अर्धं उरलेलं एरंडेल. आमच्याकडं बाळंतिणीला एरंडेल देतातच, सुंठीच्या काढ्याबरोबर चांगली वाटीभर. त्यात काय बघायचं? तरी पद्धत म्हणून दत्तात्रेयानं पाण्यानं भरलेल्या नळीत त्या तेलाचे थेंब सोडले.

थेंब बुडाले.

तो बघतच राहिला. एरंडेल जड असतं, चिकट असतं, सगळं खरं. पण पाण्यावर तरंगतं. कुठलंही खायचं तेल तरंगतंच. हे मात्र नळीच्या तळाशी जाऊन गोळा झालं. त्यानं बाटली हलवून पाहिली. एरंडेलाच्या मानानं फारच पातळ. वास घेतला. एरंडेलाच्या उग्र वासाखाली आणखी एक मंद, गोडसर वास होता, आणि तो वास त्यानं पूर्वी घेतलेला होता.

त्यानं बाटली पुन्हा नाकाशी नेली.

त्याचं झालं होतं असं. मागच्या शिमग्याला तो घरी थळला गेला होता. थोरला भाऊ चांगदेव, म्हणजे त्याचा दादूस, तिथं किराणा दुकान चालवायचा. युद्ध संपल्यावर मिलिटरीचा उरलासुरला माल लिलावात निघत होता. कुणी तंबू घेतले, कुणी बूट. दादूसनं तेलाची पिंपं घेतली. काय तेल आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येईना. दादूसनं लहान बाटलीत भरून ते धाकट्या भावापुढं धरलं. "तू एवढा शिकलास, सांग बरं हे काय हाय."

दत्तात्रेयानं ती बाटली मुंबईला नेली, दोन संध्याकाळी मान मोडून काम केलं आणि पुढच्या खेपेला थळला जाऊन ऐटीत सांगितलं. हे डासांना पळवायचं तेल. जंगलात लढणारे शिपाई अंगाला चोळायचे. डास जवळ फिरकत नाही. अंगाला लागलं तर काही होत नाही. दादूसनं विचारलं, "खोबरेलात मिसळतं?" नीट मिसळत नाही, तो म्हणाला. "आन एरंडेलात?" एरंडेलात मात्र बेमालूम मिसळतं, तो म्हणाला. भावाला काहीतरी सांगता आलं म्हणून काय छाती फुगली होती त्याची! दादूसनं त्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि वहिनीला म्हणाला होता, "बघ, आमच्या घरात शास्त्र शिकलेला माणूस हाय." बिनडोक माणसा, कशाला विचारतोय तो, हे तरी विचारायचंस!

आता टेबलापाशी उभं राहून दत्तात्रेयानं शेवटची परीक्षा केली. बाटलीतलं तेल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळलं, आम्ल घालून जी पांढरी पूड मिळाली ती धुऊन वेगळी केली, फिनॉल आणि गंधकाम्ल घालून तापवली, आणि थंड झाल्यावर सोड्याच्या पाण्यात त्याचा एक थेंब टाकला. पाणी राणी रंगाचं झालं. डासांच्या त्या तेलाचीच ही खूण. लग्नातल्या शालूसारखा सुंदर रंग, आणि त्याला रडू फुटायला लागलं. मग जठरातून काढलेला अर्क घेतला. त्याचाही तोच रंग.

साहेबांना तो काहीच बोलला नाही. नळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि शनिवारी सकाळची लाँच पकडून मांडव्याला उतरला. किहीमवरून जाताना बहिणीच्या घराकडं त्यानं मानसुद्धा वळवली नाही. आधी दादूस.

दादूस दुकानात बसला होता. धाकट्याला बघून त्याला कोण आनंद झाला! "अरे दत्तू! कळवायचंस तरी!" म्हणत उठला, आत ओरडून वहिनीला बोंबील तळायला सांगितले, स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला. असा माणूस. स्वतः चौथीतून शाळा सोडली आणि धाकट्याला अलिबागच्या हायस्कुलात घातलं. पावसात त्याची पुस्तकं भिजू नयेत म्हणून स्वतःचं इरलं त्याला देऊन आपण भिजत नांगर धरला. दत्तात्रेयाला हे सगळं एकदम आठवलं आणि वाटलं, आपलीच काहीतरी चूक झाली असेल. बाटल्या बदलल्या असतील. काहीही झालं असेल, पण ते नसेल.

"दादूस, ती मिलिटरीची पिंपं कुठं आहेत?" त्यानं तांब्या खाली ठेवत विचारलं.

"कुठली?"

"डासांच्या तेलाची."

"ती होय! ती गेली कधीच. पेणच्या एका माणसानं नेली." दादूस तागडी पुसायला लागला. स्वच्छ तागडी पुसत होता.

"ठमाबायच्या घरातल्या एरंडेलात ते तेल सापडलंय. तुळशीच्या पोटातपण."

दादूसचा हात थांबला. त्यानं दाराकडं पाहिलं, दुकानाची एक फळी आत ओढून घेतली आणि हळू आवाजात म्हणाला, "कुणाला सांगितलंस?"

बघा, 'कसं शक्य हाय' म्हणाला नाही. 'आपल्या बायच्या घरात?' म्हणाला नाही.

"म्हणजे तू मिसळलंस," तो म्हणाला.

"अरे, जरासं. सगळेच करतात. आन तूच सांगितलंस ना, काय होत न्हाय म्हणून?"

"अंगाला लागलं तर! पोटात घेतलं तर नाही!"

"ते मला काय ठाऊक? मी काय शाळा शिकलोय?" दादूसचे डोळे भरून आले, आणि ते खरेच भरून आले होते, हेही सांगितलं पाहिजे. "दत्तू, देवाशपथ सांगतो, बायच्या घरी जाणार हे मला ठाऊक असतं तर... मी त्या दिवशी अलिबागला गेलो होतो रे. तुझ्या वहिनीनं दिलं समोरच्या डब्यातलं. मी दुकानात असतो तर बायला आतल्या चांगल्यातलं दिलं असतं."

बोलून गेला. त्याच्या ध्यानातही आलं नाही काय बोलला ते. पण दत्तात्रेयाच्या आलं. म्हणजे आत चांगलं तेल वेगळं ठेवलेलं होतं. घरच्यांसाठी एक, गावासाठी एक. काही होत नाही असं ज्याला वाटतं, तो दोन डबे कशाला ठेवील?

आतून बोंबलांचा वास आला.

"हे बघ," दादूसनं त्याचा दंड धरला. "झालं ते झालं. गेलेली पोर काय परत येणार न्हाय. कागद तुझ्या हातात हाय. 'काय सापडलं न्हाय' एवढं लिही. बाय सुटंल, मी सुटेन, आपलं घर राहील. सांग, यात वाईट काय हाय?"

आणि खरं सांगायचं तर दत्तात्रेयाला त्यात वाईट दिसेना. एक ओळ लिहायची. बहीण घरी, भाऊ घरी. तो ओटीवर बसून राहिला. वहिनीनं ताट वाढलं ते तसंच निवलं. मनातल्या मनात त्यानं ती ओळ लिहूनही टाकली होती.

तेवढ्यात सदा आला, ठमाबायचा मुलगा, तुळशीचा नवरा. तान्हीसाठी खडीसाखर न्यायला आला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मामाला बघून त्यानं मान खाली घातली.

"सदा, मी बोलतो साहेबांशी. तुझी आई सुटेल," दत्तात्रेय त्याला म्हणाला.

"कशाला सोडवता, मामा?" सदा म्हणाला. "माझ्या पोरीची आय खाल्ली तिनं. मला आधी खरं वाटत नव्हतं. पण दादामामांनीच फौजदाराला सांगितलं, तिनं ह्यांच्याकडं ढेकणांचं औषध मागितलं होतं म्हणून. आता भाऊ काय बहिणीवर खोटा आळ घेईल?"

दत्तात्रेयानं दादूसकडं पाहिलं. दादूस खडीसाखर बांधत होता. पुडीचा दोरा त्याला काही केल्या गुंडाळता येईना. सदा गेला तरी तो मान वर करीना.

"फौजदार सगळीकडं विचारत होता रे," शेवटी दादूस म्हणाला. "दुकानात येऊन उभा राहिला. मी घाबरलो."

दत्तात्रेय उठला. त्यानं वहाणा घातल्या आणि निघाला. "दत्तू! अरे, जेवून तरी जा!" दादूस मागून हाका मारत होता. ज्या हातानं इरलं दिलं त्याच हातानं बहिणीच्या गळ्यात फास घातला होता, आणि वर जेवायला बोलावत होता! मांडव्यापर्यंत दत्तात्रेय रडत गेला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. बघू देत.

सोमवारी त्यानं साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं. साहेब भडकले. "नातं लपवून काम केलंत? नोकरी जाईल तुमची!" म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. बरण्या, बाटली, नळ्या सगळं त्याच्याकडून काढून काणेकरकडं दिलं. काणेकरनं पहिल्यापासून सगळं केलं. तोच राणी रंग. अहवाल अलिबागला गेला: जठरात आणि घरातल्या एरंडेलात डास घालवण्याचं विषारी तेल.

आणि इथंच सगळं उलटं फिरलं. फौजदार खुशीत म्हणाला, बघा, बाटली कुणाच्या घरची? सासूच्या. पाजलं कुणी? सासूनं. आता आणखी काय पाहिजे? दत्तात्रेय रजा टाकून अलिबागला गेला आणि चांगदेवच्या पिंपांबद्दल त्यानं फौजदाराला लिहून दिलं. फौजदार दुकान तपासून आला. पिंपं नाहीत, डबे धुतलेले, आत शुद्ध एरंडेल. "तुम्ही आरोपीचे भाऊ," तो दत्तात्रेयाला म्हणाला. "ती स्वतः म्हणते तेल जुनं, घरातलंच, कुठून आणलं आठवत नाही. मग मी तुमचं ऐकू की तिचं? ती बोलली तर पेणपर्यंत माणूस पाठवतो. नाहीतर उगाच माझा वेळ खाऊ नका."

म्हणजे खरं लिहून त्यानं बहिणीला आणखीच खोल ढकललं होतं. आता तिच्याच एका शब्दावर तिचा जीव होता.

तुरुंगाच्या गजाआड ठमाबाय भिंतीला टेकून बसली होती. वाळली होती. पण भावाला बघताच उठली आणि पहिलं काय विचारलं, तर, "पोर कशी हाय? दूध कुणाचं पाजतात?"

"शेजारची सोनूबाई घेते तिला. बरी आहे." तो गजांशी वाकला. "बाय, फौजदाराला खोटं का सांगितलंस? तेल दादूसच्या दुकानातलं होतं."

ठमाबायनं पटकन जमादाराकडं पाहिलं. तो लांब दाराशी तंबाखू मळत होता. "हळू बोल," ती दटावून म्हणाली. लहानपणी दटावायची तशीच. "मला ठाऊक हाय. तुळशी गेल्यावर मी बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ जळली माझी. तेव्हाच समजले, तेलात कायतरी हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? भावाचं नाव घेऊ? त्याला चार पोरं हायत. त्याला काय ठाऊक असणार पिंपात काय होतं ते! फसवलं असंल त्याला कुणी मेल्यानं. भोळाच हाय तो." तिनं पदर तोंडाला लावला. "आन दत्तू, पाजलं तर मीच ना? तुळशी म्हणत होती, आत्याबाय, जळतंय. मी म्हटलं, एरंडेल असंच असतं, पी गुमान. तिनं ओकून टाकलं, तर मी आणखी वाटीभर दिलं. बरी व्हावी म्हणून दिलं रे. ह्या हातानं दिलं. मग आता बसले इथं. दुसऱ्याचं घर कशाला बुडवू?"

न सांगता सोडवता आलं असतं तर दत्तात्रेयानं सांगितलं नसतं. बिचारीला तेवढा एक भाऊ भोळा वाटत होता, तो तसाच राहू दिला असता. पण इलाज नव्हता.

"बाय, दादूसला ठाऊक होतं," तो म्हणाला. "चांगलं तेल आत वेगळं ठेवायचा."

"खोटं बोलू नको."

"त्यानं माझ्यासमोर सांगितलं. आणि फौजदारालाही तोच बोलला. त्यानं लिहून दिलंय, तू त्याच्याकडं ढेकणांचं औषध मागितलंस म्हणून. सदाचापण त्यावरच विश्वास बसलाय."

ठमाबायला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "ढेकणांचं औषध?"

"हो."

"माझ्या घरात ढेकूण?" तिचा आवाज चढला. "दर आठवड्याला बाजा उन्हात टाकून कढत पाणी ओतणारी बाई मी! अख्ख्या किहीमला विचार! कधी आला होता मेला माझ्या घरात ढेकूण बघायला?" आणि एवढं बोलून ती मटकन खाली बसली. गज धरले आणि कपाळ त्यांच्यावर टेकलं. "मी हितं त्याचं नाव गिळून बसलेय, आन त्यानं माझं नाव घेतलं? चांगूनं? अरे, मी न्हाऊ घातलंय त्याला. तुझ्याआधी त्याला घातलंय."

दत्तात्रेयानं गजांतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला. ती रडत होती की नाही ते त्याला दिसत नव्हतं. खांदे तेवढे हलत होते. मग तिनं त्याचा हात बाजूला केला, पदरानं तोंड पुसलं आणि उभी राहिली.

"बोलाव त्या जमादाराला."

जमादार कागद घेऊन आला, आणि मग फौजदारही आला. ठमाबायनं सगळं सांगितलं. कुठल्या वारी गेली, वहिनीनं कुठल्या डब्यातून दिलं, बाटलीला बूच कसलं लावलं, पोर काय म्हणाली, आपण काय म्हणालो. कुठंही अडखळली नाही. जमादार लिहीत होता.

"दुकानदाराचं पुरं नाव सांगा," फौजदार म्हणाला.

"चांगदेव," ती म्हणाली आणि थांबली.

"बापाचं नाव?"

ठमाबायनं दत्तात्रेयाकडं पाहिलं.

"कोंडाजी," ती म्हणाली. "लिहा. चांगदेव कोंडाजी घरत, राहणार थळ." आणि मग तिला हुंदका आवरेना. "आमच्या बाबाचं नाव हाय ते, साहेब. माझ्याबी बाबाचं."